खाल्ल्या मिठाचे खाते

माणसाने काय खावे, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. कधी खावे, किती खावे, कोणाच्या हातचे खावे आणि कोणत्या तिथीला काहीच खाऊ नये, यावरही ग्रंथच्या ग्रंथ आहेत. पण खाऊन झाल्यावर काय करावे, या विषयात शतपावली आणि वामकुक्षी यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. हात धुतले, सुपारी तोंडात टाकली, पैसे दिले की व्यवहार संपला, असे सगळे धरून चालतात. मीही तसेच धरून चालत होतो. पण एका रविवारी रात्री, तेल्हाऱ्याच्या अलीकडे एका शेतात, चौथा रोडगा तुपात बुडवत असताना माझ्या शर्टाच्या खिशातला एक लिफाफा खडखडला, आणि खाल्ल्यानंतरचा प्रश्न माझ्यापुढे मांडी घालून बसला.

आधी माझी ओळख. मी बँकेत कारकून आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे जगाकडे मी जमा आणि नावे या दोन रकान्यांतून बघतो. कोणी छंद विचारला तर ‘वाचन’ असे सांगतो, कारण ‘खाणे’ असे चारचौघांत सांगता येत नाही. मात्र माझ्या कमरेचा पट्टा गेल्या दहा वर्षांत तीन भोके पुढे सरकला आहे, आणि ते काही वाचनाने झालेले नाही.

या गोष्टीचे मूळ आमच्या साडूभाऊंमध्ये आहे. साडूभाऊ पुण्याला असतात आणि सुट्टी मिळाली की खाण्यासाठी प्रवासाला निघतात. आमच्या लहानपणी लोक प्रवासाला निघताना खायचे बांधून घेत. आता खाण्यासाठी प्रवास बांधून घेतात, एवढाच काळाचा फरक. परवाच्या संक्रांतीच्या सुमारास ते तेल्हाऱ्याला आले. आमच्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे इथे येणारा माणूस चुकून येत नाही, ठरवूनच येतो. साडूभाऊ नुकतेच नाशिककडचे द्राक्षमळे बघून आले होते. सरकारने २००१ साली द्राक्षांवरच्या प्रक्रियेचे धोरण आणले, तेव्हापासून त्या बाजूला वायनरी वाढल्या आणि पाठोपाठ पाहुणेही वाढले. तिथे वाइन कशी चाखतात, याचे प्रात्यक्षिक त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात ताकाच्या पेल्यावर करून दाखवले.

पेला प्रथम तिरका करून त्यांनी ताकाचा रंग पाहिला. मग पेला गोल गोल फिरवला. नाक आत घालून वास घेतला. एक घोट घेऊन तो या गालातून त्या गालात नेला, डोळे मिटले, आणि शेवटी मोरीपाशी जाऊन तो थुंकून टाकला.

आई चुलीपाशीच होती. ती घाबरून म्हणाली, “काहून बाप्पा? ताक आंबट झालं काय?”

“नाही हो मावशी, ताक उत्तम आहे,” साडूभाऊ म्हणाले. “चाखायची पद्धतच अशी. वीस प्रकार चाखायचे असले तर पोटात घेऊन कसं चालेल? चव तेवढी घ्यायची, पोटात काही जाऊ द्यायचं नाही. म्हणजे अंगावर काही चढत नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. आईच्या डोक्यात मात्र फक्त पेलाभर ताक वाया गेले एवढेच राहिले.

पुढे बोलण्याच्या ओघात साडूभाऊ म्हणाले, “तुमच्या वऱ्हाडात खाण्यासारखं असं काय आहे?” त्यांनी माझ्या पगाराबद्दल विचारले असते तर मी शांतपणे ऐकून घेतले असते. पण वऱ्हाडाच्या खाण्याबद्दल विचारलेले मला सहन होईना. महिन्यातला दुसरा शनिवार होता. २०१५ पासून आम्हां बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. मी तिथल्या तिथे दोन दिवसांची खाद्ययात्रा जाहीर केली. गाडी त्यांची, जीभ दोघांची, आणि वाट दाखवायची माझी.

फक्त एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या साहेबांनी एक लिफाफा माझ्या हातावर ठेवला होता. “तुम्ही अकोटच्या बाजूने येणारच आहात. वाटेत आडरस्त्याला हे गाव लागतं. एवढी नोटीस देऊन पोच घेऊन या. शिपायाची जागा रिकामी आहे, तुम्हाला ठाऊकच आहे.” लिफाफ्यावर ज्यांचे नाव होते ते इथे सांगत नाही, खातेदाराची माहिती गुप्त ठेवायची असते. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात, आपणही आबाच म्हणू. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी खाल्ली, तेव्हापासून आबांच्या पीककर्जाच्या खात्याची घडी विस्कटली ती विस्कटलीच. एक हप्ता पुढे, तर दोन मागे. मी लिफाफा शर्टाच्या खिशात ठेवला आणि वर रुमाल ठेवला, म्हणजे दिसू नये.

शनिवारी सकाळी पहिला मुक्काम शेगाव. शेगावची कचोरी आता सगळीकडे पोचली आहे, पण ती मूळची रेल्वे स्टेशनवरची. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी इथे स्टेशनावर कचोरी विकायला सुरुवात केली आणि मुंबई–नागपूर मार्गावरच्या प्रवाशांनी तिचे नाव गावोगाव नेले. म्हणजे ज्या माणसाचे सगळे मागे राहिले, त्याने परक्या मुलखात सगळ्यात आधी दुसऱ्यांना खायला घातले. साडूभाऊंनी पहिली कचोरी फोडली, वास घेतला, बाजूची तळलेली मिरची चावली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मी म्हटले, “थुंकायचं असेल तर पलीकडे जागा आहे.” त्यांनी मान हलवली आणि आणखी चार सांगितल्या. पैसे देऊन ते समाधानाने म्हणाले, “चला, हिशेब मिटला.”

तिथून मंदिरात गेलो. गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळींतली शिते वेचून खाताना. ही गोष्ट वऱ्हाडातल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असते, कारण ताटात काही टाकले की आई तीच सांगते. आत भरल्या पंगतीला पोटभर जेवून तृप्त झालेली मंडळी, आणि बाहेर त्यांनी टाकलेल्या शितांना अन्न समजणारा एक माणूस. लहानपणी मला ही गोष्ट महाराजांची वाटायची. आता ती मला त्या आत जेवणाऱ्या मंडळींची वाटू लागली आहे. त्यांनी काय खाल्ले हे इतिहासाने लक्षात ठेवले नाही. काय टाकले तेवढे राहिले.

मंदिरात महाप्रसाद घेतला. वाढणारे सेवेकरी पगार न घेता ही सेवा करतात, हे ऐकून साडूभाऊ अस्वस्थ झाले. “मग बिल कुठे द्यायचं?” ते दोनदा म्हणाले. बिल नाही म्हटल्यावर त्यांना घास गिळवेना. शेवटी त्यांनी दानपेटीत काही नोटा टाकल्या तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला. मी विचारले, “किती टाकले?” तर म्हणाले, “दोन थाळ्यांचे, पुण्याच्या भावाने.”

मला हसू आले, पण मी हसलो नाही, कारण मीही त्याच जातीचा. आपल्याला फुकट खाण्याची भीती वाटते ती प्रामाणिकपणामुळे, असे आपण समजतो. खरी भीती वेगळीच असते. पैसे दिले की समोरचा माणूस आणि आपण मोकळे होतो. तो पुन्हा भेटला तर ओळख दाखवायची सक्ती नाही. पैसे न देता खाल्ले की खाते उघडे राहते, आणि उघडे खाते कोणाही बँकवाल्याला झोपू देत नाही.

संध्याकाळी अमरावती. तिथे गिला वडा. गिला म्हणजे ओला, दह्यात मुरलेला. साडूभाऊंनी तीन बशा रिकाम्या केल्या. मधल्या काळात त्यांची आणि एका खानावळवाल्याची थोडी गंमत झाली. तो म्हणाला, “सांबार टाकू काय भाजीवर?” साडूभाऊ म्हणाले, “नको, मला इडलीबरोबरच आवडतं.” आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. खानावळवाला बिचारा रात्रभर विचार करत बसला असेल, की पुण्याला इडलीवर कोथिंबिरीची जुडी कशी बसवतात.

रविवारी सकाळी परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला गेलो. तिथली रबडी खाल्ली. विदर्भात कॉफी पिकते ती इथे, म्हणून कॉफीही प्यालो. मग दरीपाशी उभे राहून मी त्यांना गावाच्या नावाची कथा सांगितली. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी होते तेव्हा भीम तिथे बल्लव नावाने आचारी होता. विराटाच्या राणीचा भाऊ कीचक याने द्रौपदीवर वाईट नजर टाकली, भीमाने त्याला मारले आणि या दरीत फेकले, म्हणून ही कीचकदरा, पुढे चिखलदरा, असे इथले लोक सांगतात.

“म्हणजे ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्याच मेहुण्याला दरीत टाकलं?” साडूभाऊंनी विचारले.

“हो. बायकोच्या माहेरच्या नात्यातलाच.”

साडूभाऊ कड्यापासून दोन पावले मागे सरले. मी मात्र विचारात पडलो. खाल्ल्या मिठाला जागावे, हे खरे. पण मिठाच्या वर काहीतरी असते, हे एका आचाऱ्यालाही कळत होते. मग एखाद्या कारकुनाने काय करावे?

उतरताना अंजनगाव सुर्जी लागले. हा पानमळ्यांचा मुलूख, तेव्हा विडा घेणे आलेच. याच तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले तेही अमरावतीजवळच. सकाळी त्यांच्या समाधीवरूनच आम्ही आलो होतो. बाबांची खाण्याची रीत आमच्या भागातले म्हातारे अजून सांगतात. गावात शिरले की आधी खराटा घ्यायचा, रस्ते झाडायचे, नाल्या उपसायच्या, आणि मग कोणाच्या दारातून भाकरी घ्यायची, तीही गाडग्यात. लाखोंना अन्न मिळावे म्हणून सदावर्ते उभारणारा हा माणूस स्वतः मात्र न झाडता खात नसे.

विडा चघळत मी मनाशी तक्ता मांडला. कचोरीवाल्याकडे पैसे देऊन खातात. मंदिरात हात जोडून खातात. गाडगेबाबा झाडून खात. तीन रीती झाल्या, तिन्ही स्वच्छ. जगातले सगळे जेवण या तीन रकान्यांत बसते, असे मला वाटले, आणि मी स्वतःवर खूश झालो. वाणिज्य शाखेचा माणूस रकाने पुरले की खूश होतो. चौथा रकाना अजून तास-दोन तासांच्या अंतरावर होता.

अकोट ओलांडले तेव्हा दिवस मावळला होता. मी म्हटले, “वाटेत पाच मिनिटांचं काम आहे,” आणि गाडी दक्षिणेला, पूर्णेच्या अंगाला वळवायला सांगितली. गावात विचारले तर आबा शेतात आहेत म्हणून कळले. शेतात गेलो. बांधाशी गोवऱ्यांचा आर पेटलेला, त्यात रोडगे भाजत होते. बाजूला वांग्याच्या भाजीचे पातेले, वरण, आणि घरची, भावकीची आठ-दहा माणसे. नातवाचा काही नवस होता.

“या हो भाऊ, या! बरं झालं आले. रोडगे निघूनच रायले,” आबा उठत म्हणाले.

“आबा, मी जरा कामानं...”

“काम जेवल्यावर. उपाशा मानसाचं काम बरोबर होत नाही.”

साडूभाऊंनी तोवर गाडीतून उतरून फोटो काढायला सुरुवात केली होती. “अस्सल! याला म्हणतात अस्सल!” असे ते मला कानात म्हणाले. त्यांना तहान लागली होती. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी विहिरीवरच्या बादलीतले पाणी तोंडात घेतले आणि लगेच थुंकले. नाशिकला शिकलेली कला होती, पण या वेळी तिच्यात सहजता जास्त होती.

“खारं हाय जी ते,” एक पोरगा म्हणाला आणि त्याने कॅनमधले गोडे पाणी दिले.

अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातली सुमारे ९०० गावे खारपाणपट्ट्यात येतात. तिथे जमिनीखालचे पाणीच खारट. पिकाला देता येत नाही, पिऊ म्हटले तर मूत्रपिंडाच्या आजाराची भीती. काही गावांना आता वान धरणाचे पाणी नळाने येते. शेतात मात्र सगळी भिस्त आभाळावर. पाऊस आला तर कापूस आणि तूर, ओल राहिली तर हरभरा. त्या रात्रीचे वरणाचे पाणीदेखील गावातून गाडीवर आणलेले होते, आणि वांगी बाजारातून.

पहिला रोडगा फोडून त्यावर तूप ओतले गेले तेव्हा मी ठरवले, आता देऊन टाकावी. पण ताटावर नोटीस कशी द्यायची? तेराव्यालासुद्धा लोक जेवण होईपर्यंत थांबतात. दुसऱ्या रोडग्याला ठरवले, जेवण झाल्यावर देऊ. पण ढेकर देऊन नोटीस काढणे हे जास्तच वाईट. तिसऱ्या रोडग्याला तिसरा मार्ग सुचला: द्यायचीच नाही. “घरी कोणी भेटलं नाही,” असे लिहायचे आणि लिफाफा परत करायचा. हा मार्ग फार सोपा होता, आणि तुपाने तर तो आणखी निसरडा केला होता.

मला महाभारतातला शल्य आठवला. शल्य पांडवांचा मामा, माद्रीचा भाऊ. भाच्यांच्या मदतीला सैन्य घेऊन निघाला. दुर्योधनाने वाटेत त्याच्यासाठी ठिकठिकाणी मांडव घातले, उत्तम खाण्यापिण्याची सोय केली. शल्याला वाटले हे युधिष्ठिराचे. खूश होऊन तो म्हणाला, ज्याने हे केले त्याला मी हवे ते देईन. दुर्योधन पुढे आला आणि शल्य कौरवांकडून लढला. माझ्या माहितीतली ही सगळ्यात महाग खाद्ययात्रा. आणि दुसरीकडे श्रीकृष्ण. शिष्टाईला हस्तिनापुरात गेला तेव्हा त्याने दुर्योधनाचे पंचपक्वान्न नाकारले आणि विदुराघरी जेवला. त्याला ठाऊक होते, की काही ताटांत अन्नाबरोबर आणखी काही वाढलेले असते.

मग या ताटात काय होते? आबांना माहीत होते का, की मी कशाला आलो? माहीत असून वाढत असतील तर मी शल्य. माहीत नसताना वाढत असतील तर मी त्याहून वाईट. कारण मी त्यांच्या खात्याची एकूण थकबाकी पैशापर्यंत जाणत होतो, आणि हेही जाणत होतो की या तुपाच्या वाटीची तरतूद त्या आकड्यांत कुठेही नाही. कापूस अळीने खाल्ला, व्याज बँक खाते आहे, आणि रोडगे आम्ही.

चौथा रोडगा मी नको म्हणत असताना ताटात पडला. तेव्हाच खिशातला लिफाफा खडखडला, आणि सवयीने माझा हात तिकडे गेला.

“असू द्या भाऊ,” आबा शांतपणे म्हणाले. “मघापासून पाहून रायलो मी, तुमी खिशाले हात लावून लावून. नोटीस असन तं द्या. लाजू नका.”

पंगत गप्प झाली. साडूभाऊंनी फोन खाली ठेवला.

मी म्हणालो, “आबा, आल्या आल्याच द्यायला पाहिजे होती. आता तुमचं मीठ खाल्लं...”

“मंग? रोडगे खाल्ले म्हून माहं कर्ज फिटलं काय?” आबा हसले. “तसं असन तं अजून दोन घ्या.”

सगळे हसले. मीही हसलो, पण माझे हसणे घशात अडकले. आबा पुढे म्हणाले, “कर्ज बँकेचं हाय, ते बँकेले द्या लागते. जेवन माह्या घरचं हाय. बँकेचा मानूस आला म्हून नाही घातलं जी. मानूस आला म्हून घातलं.”

त्यांनी हात धुतले, चष्मा मागवला, नोटीस पूर्ण वाचली आणि पोचेच्या कागदावर सही केली. हात नीट पुसले गेले नव्हते. सहीखाली तुपाचा एक गोल डाग उमटला.

परत येताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. तेल्हाऱ्याचे दिवे दिसू लागले तेव्हा साडूभाऊ म्हणाले, “जाताना मी त्यांना पैसे द्यायला निघालो होतो. बरं झालं दिले नाहीत.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “पण मग आता काय करायचं?”

त्या रात्री मला तोच प्रश्न होता. जमाखर्च मी शिकलो, पण दोन खाती वेगळी कशी ठेवावीत, हे आबांना माझ्यापेक्षा चांगले येत होते. मी सगळा वेळ रोडग्यांची रक्कम कर्जाच्या खात्यात ओढत होतो. मनात दोन वाटा होत्या: एकतर मिठाला जागून नोटीस दडपायची, नाहीतर नोटिशीला जागून मीठ विसरायचे. दोन्ही वाटांनी मला लवकरात लवकर मोकळे व्हायचे होते. चव घ्यायची, पण पोटात काही जाऊ द्यायचे नाही. साडूभाऊ जे ताकाच्या पेल्यात करत होते, तेच मी माणसांच्या बाबतीत करत होतो; फक्त मोरी जवळ नव्हती.

नोटीस दडपली असती तर ती दया झाली नसती. मुदत टळली असती, व्याज चढत राहिले असते, आणि पुढचा कागद याहून कडक आला असता. आबांच्या जेवणाची किंमत मी त्यांनाच भरायला लावली असती. आणि नोटीस देऊन नुसता उठून आलो असतो, तर मी एक प्रामाणिक नोकर ठरलो असतो, म्हणजे काहीच ठरलो नसतो. तिथे माझ्या तक्त्यातला गाडगेबाबांचा रकाना कामाला आला. बाबांनी भाकरीची किंमत कधी दिली नाही. किंमत देऊन मोकळे होण्यासाठी त्यांनी खराटा धरला असेल, असेही मला वाटत नाही. कारण दुसऱ्या दिवशी दुसरे गाव आणि पुन्हा खराटा होताच. ज्यांचे अन्न आपण खातो त्यांच्या अंगणात आपल्या हातून काही काम व्हावे, एवढेच ते असावे. मला झाडता येत नाही; घरी सौ. मला झाडू धरू देत नाही, कचरा वाढतो म्हणते. पण मला अर्ज भरता येतो.

सोमवारी साहेबांनी पोच पाहिली. “हा डाग कसला?”

“तुपाचा, साहेब.”

साहेबांनी माझ्याकडे बघितले, डागाकडे बघितले, आणि कागद फायलीला लावला. चांगले साहेब कधी थांबावे हे ओळखतात.

मंगळवारी आबा बँकेत आले. थकलेल्या कर्जाचे हप्ते बांधून मागता येतात. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज असा असतो की तो भरता येणाऱ्या माणसाला कर्जाची गरज नसावी. सातबारा, आठ-अ, पीकपेऱ्याचा दाखला, मागची सगळी पाने. काउंटर बंद झाल्यावर मी त्यांना समोर बसवले आणि सगळा अर्ज ओळीओळीने भरला. दोन ठिकाणी त्यांच्या सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदी जुळत नव्हत्या, त्या तलाठ्याकडून कशा दुरुस्त करून आणायच्या ते लिहून दिले. मंजुरी माझ्या हातात नाही, आणि हेही त्यांना स्पष्ट सांगितले. अर्ज वर गेला आहे. काय होईल ते वरच्या साहेबांना माहीत.

टपरीवरून चहा मागवला होता. आबांनी बशीत ओतून तो प्याला आणि उठता उठता आवाज खाली करून म्हणाले, “भाऊ, एक सांगू काय? नियमात बसन तेवढंच करजा. जास्त सूट देऊ नका. नाही तं लोकं म्हनतीन, आबाच्या रोडग्यानं काम केलं.”

मी वर पाहिले. ते हसत नव्हते. आपल्या कर्जापेक्षा आपल्या रोडग्यांची त्यांना जास्त काळजी होती. ते विकले गेले असे कोणी म्हणू नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

साडूभाऊंचा पुण्याहून फोन आला होता. मित्रमंडळींना त्या रोडग्यांचा पत्ता हवा आहे म्हणाले, एखाद्या रविवारी सगळे निघतील. मी सांगितले, “पत्ता गुप्त आहे. खातेदाराची माहिती देता येत नाही.” ते थोडे नाराज झाले. मग म्हणाले, “बरं, ते जाऊ दे. अर्जाचं काय झालं?” दर आठवड्याला ते आता हेच विचारतात. ताकाचा घोट थुंकणाऱ्या माणसाच्या पोटात शेवटी काहीतरी गेले म्हणायचे.

त्या मंगळवारी संध्याकाळी रोकड पैशापैशाला जुळली. मिठाचे खाते मात्र जुळलेले नाही. ते तसेच उघडे आहे, आणि उघडे आहे म्हणूनच पुढच्या थंडीत त्या बांधावर जाऊन पुन्हा मांडी घालायची मला सोय आहे. त्या वेळी खिशात काही ठेवायचे नाही, एवढे मी ठरवले आहे. आणि तीन रोडग्यांवर थांबायचे, असे सौ.ने ठरवले आहे.